नावाची थट्टा आणि पेढ्यांचे पुडे

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका लहान गावातून आलेले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि पुढची दोन वर्षे लातुरात शिकलेले आपले एक वाचक सध्या एका आयआयटीत दुसऱ्या वर्षाला धातुशास्त्र शिकत आहेत. मोबाइलवर आयआयटीची टिंगल करणारे व्हिडिओ आणि त्यांखालच्या प्रतिक्रिया वाचून गेले वर्षभर त्यांना रात्र-रात्र झोप लागत नाही. ‘करदात्यांच्या पैशावर शिकायचे आणि अमेरिकेला पळायचे’, ‘नुसते पुस्तकी किडे, चार माणसांत बोलता येत नाही’, ‘चार लाखांच्या नोकरीसाठी एवढा आटापिटा’ अशी वाक्ये, आणि त्यांच्या जोडीला प्रवर्गावरून केलेली शेरेबाजी, त्यांच्या जिव्हारी लागते. दिवाळीत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुलतभावानेच असा एक विनोद टाकला. त्यावर यांनी ‘ज्यांना जमत नाही तेच हसतात’ असे उत्तर लिहिले आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद आहे. चुलतभाऊ दोन वर्षांनी मोठा; हे त्याला दादा म्हणतात. त्याने आयआयटीची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली होती. पुढे पदविका करून आता तो चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करतो. वाचकाने आपल्या प्रोफाइलवरून संस्थेचे नाव काढून टाकले आहे. ते विचारतात: लोक आमचा एवढा द्वेष का करतात? हा सगळा मत्सर आहे, असे मित्र म्हणतात, ते खरे का? आणि मी नाव लपवावे, की प्रत्येकाला उत्तर द्यावे?

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा मधल्या एका वाक्यापाशी थांबले. ‘निकाल लागला त्या दिवशी काकांनी गावभर पेढे वाटले आणि पुडे घेऊन दादाच घरोघरी फिरला,’ असे तुम्ही लिहिले आहे. घरात किती आनंद होता हे सांगण्यासाठी तुम्ही ते लिहिलेत आणि पुढच्याच ओळीत दिवाळीच्या भांडणाकडे वळलात. मला मात्र तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वाक्यात दिसते. त्याकडे मी शेवटी येईन, कारण आधी तुम्ही जे विचारले आहे त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला प्रश्न द्वेषाचा. जे हसतात ते तुमचा द्वेष करतात, हे तुम्ही गृहीत धरले आहे. आपल्याकडे पुणेकरांवर, त्यांच्या पाट्यांवर आणि दुपारच्या झोपेवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद होत आले आहेत, आणि ते ऐकून पुण्यातल्या माणसाची झोप उडाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. याचे कारण असे, की पुणेकर असण्यासाठी त्याला काही मोजावे लागलेले नसते. तुम्ही मात्र या नावासाठी वयाची दोन वर्षे मोजली आहेत. लातुरातल्या खोलीवर पहाटे साडेचारला उठून, सण-लग्ने सोडून, आजोबांच्या तेराव्यालाही न जाता तुम्ही अभ्यास केला, असे पत्रातच लिहिले आहे. एवढी किंमत देऊन मिळवलेल्या गोष्टीला कुणी फुकटात हिणवले की ते सहन होत नाही, आणि तसे वाटण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. परंतु दुखले किती यावरून मारणाऱ्याचा हेतू ठरत नाही. त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांपैकी एकालाही तुम्ही कोण हे ठाऊक नाही; ते एका नावावर हसत आहेत, आणि त्या नावाचे आपल्या देशात काय झाले आहे हे पाहिल्याशिवाय ते हसू समजणार नाही.

हे नाव सुरुवातीला एवढे जड नव्हते. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली ती हिजलीच्या जुन्या बंदिछावणीच्या इमारतीत. इंग्रजांनी ज्या जागी राजबंदी डांबले तिथे नव्या देशाचे अभियंते घडावेत, यामागची भावना आजही वाचताना मन भरून येते. मुंबईत पवईची संस्था १९५८ मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने उभी राहिली. धरणे, पोलाद, वीज आणि यंत्रे यांसाठी माणसे हवी होती, म्हणून या संस्था काढल्या गेल्या. कोणाचा मुलगा किती हुशार हे मोजण्याचे साधन म्हणून त्या काढलेल्या नव्हत्या. पुढे जागा सावकाश वाढल्या आणि इच्छुक फार झपाट्याने वाढले. २०२४ चेच पाहा. पहिल्या टप्प्याच्या जेईई मेन परीक्षेला १४ लाखांहून अधिक मुले बसली, त्यांतून पुढे जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा सुमारे १ लाख ८० हजारांनी दिली, ४८ हजारांच्या आसपास पात्र ठरली आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. सुरुवातीच्या गर्दीशी ताडून पाहिले तर साधारण ऐंशी मुलांमागे एक जागा पडते. उरलेल्या एकोणऐंशी घरांतही हे नाव दोन-तीन वर्षे रोज उच्चारले गेलेले असते. जेवताना, फी भरताना, शेजारच्या मुलाशी तुलना करताना ते कानावर पडलेले असते. ज्या नावाने या घरांना एवढी वर्षे मोजले, ते नाव त्यांच्या मोबाइलवर जरा घसरून पडलेले दिसले तर ती मुले हसणारच.

म्हणूनच ‘हा मत्सर आहे’ हे तुमच्या मित्रांचे म्हणणे मला अपुरे वाटते. मत्सर अजिबात नसतो असे मी म्हणत नाही. पण तो शब्द उच्चारला की समोरच्याचे ऐकून घेण्याची गरजच उरत नाही, आणि हुशार मुलांनी एवढ्या लवकर सुटका करून घेऊ नये. मी सव्वीस वर्षे एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. एका वर्षी जूनमध्ये कॉलेजच्या फाटकासमोर एका क्लासचा फ्लेक्स लागला. त्यावर अठरा चेहरे होते आणि प्रत्येकाखाली सोनेरी अक्षरांत क्रमांक होता. त्या क्लासला माझ्याच वर्गातली शंभरावर मुले जात होती. त्यांपैकी एक, ज्याची जागा थोडक्या गुणांनी हुकली होती, रोज दुपारी समोरच्या टपरीवर चहाला येई आणि बाकड्यावर फ्लेक्सकडे पाठ करून बसे. बाकडे रस्त्याकडे तोंड करून मांडलेले होते, त्यामुळे पाठ करण्यासाठी त्याला पाय भिंतीकडे घेऊन अवघडून बसावे लागे. पाऊस सुरू होऊन फ्लेक्स फाटेपर्यंत, जवळजवळ महिनाभर, तो तसाच बसत होता. पुढे तोच मुलगा मित्रांमध्ये आयआयटीवरचे सर्वांत धारदार विनोद सांगू लागला. त्या अठरा जणांबद्दल त्याने कधी वाईट शब्द काढल्याचे मी ऐकले नाही. त्याला त्यांची जागा नको होती, त्याला त्या मोजपट्टीखालून बाहेर पडायचे होते, आणि विनोदाखेरीज दुसरी वाट त्याला कुणी दाखवली नव्हती. शिक्षक म्हणून मीही दाखवली नव्हती, याची खंत मला आजही आहे.

आता हे सारे मोबाइलवर एवढे का माजते ते पाहू. तीस सेकंदांत हसवायचे तर प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असलेले पात्र लागते. गावच्या वगात पाटील आला की त्याने तोंड उघडण्यापूर्वीच लोक हसायला तयार असत, तसे आज ‘आयआयटीयन’ हे तयार पात्र झाले आहे. नाव घेतले की माणसे थांबतात, मग ती कौतुकाने थांबोत वा चेष्टेने. २०२५ च्या प्रयागराजच्या महाकुंभात हजारो साधू होते, परंतु देशभर चर्चा झाली ती आयआयटीत शिकून साधू झालेल्या ‘आयआयटी बाबा’ची, कारण बातमी साधूत नव्हती, ती त्या तीन अक्षरांत होती. पगाराच्या बातम्यांचेही तेच. जानेवारी २०२४ मध्ये पवईच्या ८५ विद्यार्थ्यांना कोटीवर पगार मिळाल्याची बातमी झळकली. काही दिवसांतच संस्थेने स्वतःच तो आकडा सुधारून २२ असल्याचे सांगितले, पण तोवर जुना आकडा घरोघरी पोचला होता. त्याच वर्षीच्या अहवालात सरासरी पगार वर्षाला साडेतेवीस लाख होता आणि सर्वांत कमी ४ लाख, तर त्या ४ लाखांवर थट्टेचा पाऊस पडला. ज्या माध्यमांनी कोटींची आतषबाजी केली त्यांनीच चार लाखांची गंमत केली, आणि दोन्ही वेळा खऱ्या विद्यार्थ्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. कुणाच्या तरी घरी तो चार लाखांचा पगार पहिल्यांदाच येणार होता, हे लक्षात घेतले तर त्या विनोदांतला कठोरपणा कळतो. तुम्ही रात्री दोनशे-दोनशे प्रतिक्रिया वाचता असे लिहिता. तुम्ही जिथे थांबता तेच तुमच्यापुढे पुन्हा वाढले जाते, हे तर तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. म्हणजे जगात ही थट्टा जेवढी आहे त्याच्या कितीतरी पट ती तुमच्या मोबाइलवर आहे.

इथवर मी तुम्हाला थोडा धीर दिला. आता जरा अवघड भाग. या थट्टेतला एक आरोप मी थट्टा मानत नाही, आणि तुम्हीही मानू नये. तो करदात्यांच्या पैशाचा. हा आरोप जेएनयूसारख्या विद्यापीठावरही केला जातो, तिथे तो वेगळ्या राजकीय हेतूने होतो, त्यामुळे तो शब्द ऐकला की चीड येणे मी समजू शकते. परंतु आयआयटीच्या बाबतीत हा प्रश्न बाहेरच्या टवाळांनी काढलेला नाही. पुढे पवईचे संचालक झालेले प्राध्यापक सु. पां. सुखात्मे यांनी १९८० च्या दशकात सहकाऱ्यासह आपल्याच संस्थेच्या पदवीधरांचा माग काढला, तेव्हा १९७३ ते १९७७ या काळात बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के परदेशात स्थायिक झाल्याचे आढळले. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी २०१० च्या प्रवेशपरीक्षेतल्या पहिल्या हजार जणांचा अभ्यास केला, त्यातही परदेशी गेलेल्यांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के निघाले, आणि पहिल्या शंभरांत तर सुमारे ६२ टक्के. म्हणजे ‘सगळेच पळतात’ हे खोटे आहे, तीनांतले दोघे इथेच राहतात. पण जितका क्रमांक वर तितके जाणे अधिक, हे खरे आहे. तुमच्या गावी दुकानातून काडेपेटी घेणारा माणूसही कर भरतो, आणि त्याने ‘माझ्या पैशाचे काय झाले’ असे विचारले तर तो तुमचा अपमान नसतो, तो त्याचा अधिकार असतो. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. जो देश संशोधनाला जागा आणि पैसा पुरेसा देत नाही त्यालाही या उत्तरात वाटा उचलावा लागेल. २०१६ मध्ये बी.टेक.चे वार्षिक शिक्षणशुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर गेले, म्हणून सर्वांनाच फुकट शिकायला मिळते हेही आता खरे नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि फार कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ते माफ असते, आणि असायलाच हवे.

मी तुमच्या जागी असते तर या आरोपावर वाद घालण्यापेक्षा त्याचे उत्तर आपल्याच संस्थांत शोधले असते. पवईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सितारा’ हे केंद्र आहे. दुष्काळी गावांसाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पवईच्याच प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी घडवली, आणि तो प्रकल्प तुमच्याच मराठवाड्यातल्या गावांत राबवला गेला. पडलेला पाऊस, वाहून गेलेले पाणी, मातीत मुरलेले पाणी आणि पिकाला लागणारे पाणी यांची गावागणिक बेरीज-वजाबाकी करणे, हे काम ऐकायला साधे वाटते; पण मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. तुम्ही धातुशास्त्राचे विद्यार्थी आहात म्हणून आणखी एक नाव सांगते. मनोहर पर्रीकर यांचे शालेय शिक्षण मराठीत झाले होते आणि १९७८ मध्ये त्यांनी पवईहून धातुशास्त्राचीच पदवी घेतली. भारतातल्या एखाद्या राज्याचे मुख्यमंत्री झालेले ते पहिले आयआयटीयन. त्यांच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा वा नसा, गोव्यात त्यांच्याविषयी बोलताना लोक आयआयटीचे नाव आपुलकीने घेत आले, कारण ते नाव लोकांच्या रोजच्या कामाशी जोडले गेले होते.

प्रवर्गावरच्या शेरेबाजीचा उल्लेख तुम्ही कंसात, जणू जाता-जाता केला आहे. तो कंसात टाकण्याजोगा नाही. मोठ्या माणसाची, मोठ्या संस्थेची टोपी उडवणे हा विनोद होऊ शकतो. पण त्या संस्थेत पहिल्यांदाच पाऊल ठेवलेल्या मुलाला त्याच्या जातीवरून हिणवणे याला मी विनोद म्हणत नाही, तो जुनाच अन्याय आहे. तो करणारे बहुधा आयआयटीवर हसणारेही नसतात. उलट ते नाव ‘आपले’ राहावे असे वाटणारे असतात. इतर मागासवर्गीयांसाठीच्या २७ टक्के जागा २००८ पासून टप्प्याटप्प्याने आल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या त्याआधी कितीतरी वर्षांपासून आहेत, आणि त्या संसदेने व न्यायालयाने मान्य केलेल्या आहेत. तुम्ही कुणाची जागा घेतलेली नाही. २०२३ मध्ये पवईच्या संस्थेने सहाध्यायांना प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारणे अयोग्य आहे, अशी लेखी सूचना काढली, कारण क्रमांक विचारणे ही पुष्कळदा जात विचारण्याचीच आडवाट असते. २०२४ च्या सप्टेंबरअखेर सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत प्रवेश देण्याचा आदेश दिला. १७,५०० रुपये जमवायला उशीर झाला आणि मुदत हुकली, एवढ्यावरून त्याची जागा गेली होती. असे मूल आत येते तेव्हा त्या नावाला खरी शोभा येते, असे मी मनापासून मानते. अशा शेऱ्यांना उत्तर देत बसू नका, त्यांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवा, आणि लिहिणारा ओळखीतला असेल तर संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमाती वा इतर मागासवर्गीय कक्षाकडे किंवा विश्वासातल्या प्राध्यापकांकडे ती न्या.

पुस्तकी किड्याच्या विनोदावर फार वेळ घालवायला नको. ‘पढतमूर्ख’ हा शब्द आपल्या भाषेत शेकडो वर्षांचा आहे; शिकलेल्यांना व्यवहार कळत नाही अशी शंका लोकांना तेव्हाही होती. त्यात तथ्य असेल तेवढे घ्यावे आणि चार लोकांत मिसळावे, एवढेच.

आता नाव लपवायचे की उत्तर द्यायचे. मला या दोन्हींत एकच अडचण दिसते, की दोन्ही ठिकाणी तुम्ही म्हणजे ते नाव, हे मान्य केलेले असते. लपवणाऱ्याला वाटते नाव दिसले की मी दिसलो, आणि भांडणाऱ्याला वाटते नावाला लागले की मला लागले. तेव्हा प्रोफाइलवर नाव पुन्हा लिहायचे की नाही, हे सध्या ठरवूच नका; काही महिने ते तसेच राहू द्या. त्याऐवजी कुणी ‘काय करतोस’ असे विचारले तर संस्थेच्या आधी विषय सांगण्याची सवय लावा. ‘धातुशास्त्र शिकतो, लोखंड तापवून गार करताना आतून कसे बदलते ते शिकतोय सध्या’ असे म्हटले, की समोरचा शेतकरी असो वा लोहार, त्याला बोलायला काहीतरी सापडते. ‘आयआयटीत आहे’ म्हटले की संभाषण तिथेच संपते; समोरचा एक तर हात जोडतो, नाही तर टोमणा मारतो. अनोळखी माणसाला उत्तर लिहू नका. ओळखीच्या माणसाला लिहून उत्तर देऊ नका, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा. रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवता आला तर ठेवा, आणि असे व्हिडिओ समोर आले की ‘यात रस नाही’ हा पर्याय निवडत राहा. आठवडा-दोन आठवड्यांत फरक दिसू लागेल.

झोपेबद्दल मला काळजी वाटते. वर्षभर झोप उडणे हे केवळ विनोदांनी होत नसते. अभ्यासाचा ताण, भाषेची अडचण, घराची ओढ हे सगळे त्या विनोदांच्या आडोशाने बाहेर येत असते. दहावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजी व्याख्यानांत बसणे किती थकवणारे असते हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. तुमच्या संस्थेत समुपदेशक असतीलच, या आठवड्यातच त्यांची वेळ घ्या. तिथे जायला संकोच वाटला तर सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हे मी अभ्यास बुडू नये म्हणून सांगत नाही, तुम्हाला बरे वाटावे म्हणून सांगते आहे.

हे पत्र वाचणाऱ्या आई-वडिलांना, काका-मामांनाही एक विनंती आहे, कारण असे पत्र केवळ आयआयटीतूनच येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या, विधी विद्यापीठातल्या मुलामुलींकडूनही मला ते येते, आणि ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांच्याकडून तर अधिक येते. मुलाचे कौतुक जरूर करा, पण ते करताना दुसऱ्या मुलाचे नाव तोंडी येऊ देऊ नका. ‘शिकावे तर असे’ हे वाक्य एकाला म्हटले की घरात ते दुसऱ्याला ऐकू जाते. चौकात फ्लेक्स लावायचा असेल तर लावण्यापूर्वी, त्या चौकातून रोज कोणकोण जाते, एवढा विचार करा.

आणि आता तुमचा दादा. ज्या परीक्षेत तो दोनदा बसला, दोनदा राहिला आणि पुढे बसू शकला नाही, कारण अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेला दोनच संधी असतात, त्याच परीक्षेच्या निकालाचे पेढे त्याच्या हाती दिले गेले. तो ते घेऊन गेला. प्रत्येक दारात त्याला सांगावे लागले असेल, की पेढे कशाचे. आणि निदान दोन-चार दारांत तरी कुणी त्याला विचारले असेल, ‘मग तुझं काय झालं होतं?’ तरीही एकही पुडा शिल्लक न ठेवता तो परत आला, हे तुम्हीच लिहिले आहे. मला वाटते, त्या दिवशी तुमच्या घरात सर्वांत अवघड काम त्याने केले, आणि त्याबद्दल त्याला आजवर कुणी काही म्हणालेले नाही. दिवाळीतल्या त्याच्या विनोदाला तुम्ही जे उत्तर लिहिलेत, ‘ज्यांना जमत नाही तेच हसतात’, ते सगळ्या घरादारासमोर लिहिलेत. त्याचा विनोद संस्थेवर होता, तुमचे वाक्य त्याच्यावर होते. म्हणून क्षमा आधी तुम्ही मागायला हवी, आणि ज्या ग्रुपवर ते वाक्य लिहिले त्याच ग्रुपवर मागायला हवी. दोन ओळी पुरतील, स्पष्टीकरण नको.

त्यानंतर एखाद्या रविवारी चाकणला जा. जाण्याआधी फोन करा, कारण कारखान्यातल्या माणसाला रविवारीही पाळी असू शकते. त्याच्या खोलीवर जेवा, आणि आयआयटीचा विषय त्याने काढला तरच बोला. त्याच्या यंत्राबद्दल विचारा. तुम्ही ज्या पोलादाच्या आलेखांवर परीक्षा देता, तेच पोलाद तो रोज हातात घेतो. कुठल्या तुकड्यावर हत्याराची धार लवकर जाते, कापताना कुठला आवाज आला की यंत्र थांबवायचे, हे त्याला ठाऊक असणार आणि तुम्हाला ते अजून कुणी शिकवलेले नसणार. वही बरोबर घेऊन जा. परत निघताना त्याला तुमच्या वसतिगृहावर मुक्कामाला बोलवा, मेसमध्ये पाहुण्याचे जेवण सांगून ठेवा, आणि प्रयोगशाळेतली भट्टी दाखवायची परवानगी प्राध्यापकांकडून आधीच काढून ठेवा.